मोटारसायकलच्या चाकाचे घरगुती संतुलन : तत्त्व, कृती आणि मर्यादा

गोषवारा :
मोटारसायकलचा टायर बदलल्यानंतर किंवा पंक्चर काढल्यानंतर चाकाचे संतुलन तपासण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. मोटारींच्या चाकांसाठी असलेल्या यंत्रावर दुचाकीचे चाक बसविण्यास स्वतंत्र जोडणी लागते व ती सर्वत्र उपलब्ध असतेच असे नाही. प्रस्तुत लेखात चाकाच्या असंतुलनाचे भौतिकशास्त्रीय स्वरूप स्पष्ट करून, घरच्या घरी साध्या साधनांनी करता येणाऱ्या स्थितिक संतुलनाची कृती, तिची अचूकता तपासण्याची पद्धत आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. अरुंद चाकाच्या दुचाकीसाठी ही कृती पुरेशी विश्वसनीय आहे. मात्र त्या विश्वासाची अट अशी की, करणाऱ्याने आपल्या साधनातील घर्षण किती आहे हे प्रथम तपासून घेतले पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : असंतुलन, वस्तुमानमध्य, परिबल, बलयुग्म, घर्षण, संवेदनक्षमता.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या वाहनतळावर नजर टाकली तर तेथे मोटारसायकलींचेच प्राबल्य दिसून येते. विद्यार्थी, प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांचा रोजचा प्रवास याच वाहनावर होतो. या वाहनाच्या देखभालीत इंजिन ऑइल, चेन, ब्रेक व टायरमधील हवा यांकडे लक्ष दिले जाते. चाकाच्या संतुलनाचा विचार मात्र सहसा मोटारगाडीच्याच संदर्भात होतो. विशिष्ट वेगाला हँडलमध्ये जाणवणारी थरथर ही 'जुन्या गाडीची सवय' म्हणून सोडून दिली जाते किंवा तिचे खापर इंजिनावर फोडले जाते.

दुसरीकडे, पदवी स्तरावरील भौतिकशास्त्रात परिबल, जडत्वाचे परिबल, संयुक्त लंबक, सदिशांची बेरीज हे सर्व घटक शिकविले जातात. ज्या वस्तूवर बसून विद्यार्थी महाविद्यालयात येतो, त्याच वस्तूच्या चाकात हे सर्व घटक एकत्र आलेले आहेत, याकडे अध्यापनात क्वचितच लक्ष वेधले जाते. या दोन्ही बाजूंनी विषयाचा परामर्श घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी हिरो होंडा कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणलेल्या स्प्लेंडर या मोटारसायकलीवर दीर्घकाळ वापरला गेलेला २.७५-१८ या मापाचा टायर उदाहरणादाखल घेतला आहे. यातील १८ हा आकडा रिमचा व्यास इंचांत दाखवितो, तर २.७५ हा टायरची रुंदी इंचांत दाखवितो. या प्रकारच्या टायरची उंची रुंदीइतकीच मानली तर चाकाची त्रिज्या सुमारे ०.३० मीटर येते. म्हणजे एका फेऱ्यात चाक सुमारे १.८८ मीटर अंतर कापते व एका किलोमीटरमध्ये सुमारे ५३० फेरे घेते.

२. असंतुलन म्हणजे काय?

चाकाचा वस्तुमानमध्य त्याच्या अक्षावर नसेल तर चाक असंतुलित आहे असे म्हणतात. रिमचा सांधा, व्हॉल्व्ह, ट्यूबवरील ठिगळे, टायरच्या जाडीतील सूक्ष्म फरक अशा अनेक कारणांनी चाकाची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित जड होते. हे जडपण केवळ ग्रॅममध्ये सांगून भागत नाही. जादा वस्तुमान अक्षापासून किती अंतरावर आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. म्हणून असंतुलन हे वस्तुमान व अंतर यांच्या गुणाकाराने, म्हणजे ग्रॅम-सेंटिमीटर या एककात मोजतात.

उदाहरणार्थ, टायरच्या नक्षीजवळ, अक्षापासून २८ सेंटिमीटरवर, २० ग्रॅम जादा रबर असल्यास असंतुलन ५६० ग्रॅम-सेंटिमीटर होते. त्याची भरपाई करण्यासाठी समोरच्या बाजूस रिमच्या आतील अंगाला, अक्षापासून २० सेंटिमीटरवर, वजन लावायचे झाल्यास ते २८ ग्रॅमचे असावे लागते. 'टायर २० ग्रॅमने जड आहे, मग २८ ग्रॅम का?' या प्रश्नाचे उत्तर तराजूच्या दांडीच्या नियमात आहे.

चाक फिरू लागले की हे जादा वस्तुमान केंद्रोत्सारी बल निर्माण करते. या बलाची दिशा चाकाबरोबर फिरते व त्याचे मान असंतुलन आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतके असते. वरील ५६० ग्रॅम-सेंटिमीटर असंतुलनासाठी हिशेब केला असता पुढील चित्र दिसते. ताशी ४० किलोमीटर वेगास हे बल सुमारे ७.७ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोग्रॅमच्या वजनाइतके असते. ताशी ६० किलोमीटरला ते सुमारे १७ न्यूटन, ताशी ८० किलोमीटरला सुमारे ३१ न्यूटन व ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४८ न्यूटन होते. वेग ४० वरून ८० म्हणजे दुप्पट झाला की बल चौपट होते. गावातल्या रस्त्यावर निरुपद्रवी भासणारे असंतुलन महामार्गावर एकदम जाणवू लागते, ते यामुळे.

ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते. याचा अर्थ तीन किलोग्रॅमच्या वजनाइतका झटका सेकंदाला बारा वेळा एक्सलला वर आणि बारा वेळा खाली बसतो. चाक, टायर व शॉक-अप मिळून जी रचना होते तिला स्वतःची स्वाभाविक वारंवारता असते. चाकाच्या फेऱ्यांची वारंवारता तिच्या जवळ आली की, ज्यास अनुस्पंदन म्हणतात ती अवस्था येऊन थरथर वाढते. काही गाड्यांत थरथर एका ठरावीक वेगपट्ट्यातच का जाणवते, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. अशा चाकाचा टायर ठिकठिकाणी असमान झिजतो, बेअरिंगवर विनाकारण भार येतो आणि लांबच्या प्रवासात चालकाच्या हातांना मुंग्या येतात. खडबडीत रस्त्यावर टायरची जमिनीवरील पकड क्षणोक्षणी कमी-अधिक होणे हा त्यातील सर्वांत गंभीर भाग होय.

३. स्थितिक आणि गतिक असंतुलन

असंतुलनाचे दोन प्रकार आहेत. वस्तुमानमध्य अक्षावर नसणे हे स्थितिक असंतुलन होय. चाक थांबलेले असतानाही ते ओळखता येते, कारण जड बाजू गुरुत्वाकर्षणामुळे खाली येते. दुसऱ्या प्रकारात वस्तुमानमध्य अक्षावरच असतो. परंतु चाकाच्या डाव्या अंगाला एका बाजूस आणि उजव्या अंगाला नेमक्या विरुद्ध बाजूस जादा वस्तुमान असते. थांबलेल्या चाकात ते कळत नाही. चाक फिरू लागले की दोन विरुद्ध बले मिळून बलयुग्म तयार होते व चाक डावीकडे-उजवीकडे डुलू पाहते. हा दोष शोधण्यासाठी चाक फिरते ठेवून दोन प्रतलांत मोजमाप करणारे यंत्र लागते.

घरगुती कृतीत फक्त पहिला प्रकार सापडतो. तर मग ती अपुरी नव्हे काय? याचे उत्तर चाकाच्या रुंदीवर अवलंबून आहे. बलयुग्माचे परिबल म्हणजे बल गुणिले त्या दोन बलांमधील अंतर. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या रिमची रुंदी सुमारे ४ सेंटिमीटर असते. भरपाईचे २८ ग्रॅमचे वजन रिमच्या अगदी कडेला, मध्यप्रतलापासून २ सेंटिमीटर बाजूस लावले, तरी ताशी ८० किलोमीटर वेगास त्यामुळे येणारे परिबल सुमारे ०.६ न्यूटन-मीटर एवढेच असते. मोटारीच्या रुंद चाकात हेच अंतर चौपट होऊ शकते. म्हणून मोटारीच्या चाकाला गतिक संतुलन आवश्यक, तर अरुंद टायरच्या मोटारसायकलीला स्थितिक संतुलन पुरेसे, असा सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतो. मोठ्या क्षमतेच्या मोटारसायकलींचे मागचे टायर १८० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतात. तेथे मात्र यंत्राचा आश्रय घेणे इष्ट.

४. पूर्वतयारी : संतुलनाआधीचे प्रश्न

थरथर जाणवली की लगेच वजने लावावयास घेणे योग्य नाही. प्रथम थरथरीचे मूळ चाकात आहे की इंजिनात, हे ठरवावे. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये गाडी चालवून पाहावी. गिअर बदलल्यावर थरथरीचे स्वरूप बदलले तर तिचा संबंध इंजिनाच्या फेऱ्यांशी आहे. गिअर बदलूनही ती तशीच राहिली आणि केवळ वेगाबरोबर बदलली, तर संशय चाकावर घ्यावा.

चाकावरील संशय पक्का झाल्यावरही पुढील बाबी आधी तपासाव्यात. चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे. हँडलचा कोनसेट सैल असेल तर पुढचे चाक संतुलित असूनही हँडल डळमळते. स्पोकच्या तारांवर हलकेच टिचकी मारली असता सर्वांचा आवाज साधारण सारखा यावा. बोदा आवाज देणारी तार सैल असते. नंतर एखादी पट्टी किंवा तार रिमजवळ स्थिर बांधून चाक फिरवावे आणि रिम व पट्टी यांतील फट किती बदलते ते पाहावे. अनेक निर्मात्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही मर्यादा २ मिलिमीटर दिलेली आढळते. फट याहून अधिक बदलत असेल तर प्रथम मेकॅनिककडून चाकाचा आऊट काढून घ्यावा. वाकड्या रिमला वजने लावून गोल करता येत नाही.

टायर रिमवर नीट बसला आहे की नाही, हेही पाहणे अगत्याचे आहे. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. अनेक टायरांवर हलकी बाजू दाखविणारा रंगाचा ठिपका असतो. टायर बसविताना तो व्हॉल्व्हजवळ आणण्याचा प्रघात आहे, कारण व्हॉल्व्हची बाजू सामान्यतः जड असते. पंक्चर काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करून ठेवावी व टायर पुन्हा त्याच जागी बसविण्यास सांगावे. या एका खुणेमुळे आधी साधलेले संतुलन बहुतांशी टिकते.

५. साधने व कृती

लागणारी साधने अशी : सारख्या उंचीचे दोन भक्कम लाकडी ठोकळे किंवा स्टूल, गाडीचाच स्वच्छ व सरळ एक्सल, पाणसळ, खडू, चिकटपट्टी, पाच ग्रॅमची चिकट वजने किंवा स्पोकवर बसणारी वजने, आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा.

गाडी डबल स्टँडवर लावून ती कलणार नाही अशा रीतीने आधार द्यावा आणि पुढचे चाक काढावे. ड्रम ब्रेक असल्यास ब्रेक शूसह ब्रेक प्लेट वेगळी करावी. स्पीडोमीटरचा गिअरही तिच्यासोबत निघतो. डिस्क असेल तर ती चाकावरच राहू द्यावी, कारण ती चाकाबरोबर फिरणारा भाग आहे. डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये. मागच्या चाकाच्या बाबतीत काही गाड्यांत चेनही सोडवावी लागते. चाकावरील चिखल, टायरच्या नक्षीत अडकलेले खडे व जुनी वजने काढून टाकावीत आणि हवा नेहमीच्या दाबाइतकी भरावी.

एक्सल चाकात घालून त्याची दोन टोके ठोकळ्यांवर ठेवावीत व पाणसळीने तो आडव्या पातळीत असल्याची खात्री करावी. एक्सल स्थिर राहतो आणि चाक स्वतःच्या बेअरिंगवर फिरते. वाऱ्याची झुळूक किंवा पंखा यांचाही परिणाम होतो. म्हणून हे काम बंद खोलीत करावे.

चाकास अगदी हलका धक्का देऊन ते आपोआप थांबू द्यावे. थांबल्यावर सर्वांत खालच्या बिंदूवर खडूने खूण करावी. येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावयास हवी. बेअरिंगच्या घर्षणामुळे जड बिंदू अगदी तळाशी येण्याआधीच चाक थांबू शकते. घर्षणाचे परिबल ०.०१ न्यूटन-मीटर असेल, तर ५६० ग्रॅम-सेंटिमीटर असंतुलन असलेले चाक खऱ्या स्थानाच्या दोन्ही बाजूंस सुमारे १० अंशांपर्यंत कोठेही थांबू शकते. असंतुलन निम्मे राहिले की ही संदिग्धता २० अंशांच्या वर जाते. यावर उपाय म्हणजे चाक एकदा घड्याळाच्या दिशेने व एकदा उलट दिशेने थांबू द्यावे. अशी चार-सहा निरीक्षणे घेऊन खुणांचा मध्य काढावा. तोच जड बिंदू होय.

जड बिंदूच्या नेमक्या समोर, रिमवर, अंदाजाने एक वजन चिकटपट्टीने तात्पुरते लावावे. नंतर चाक पाव फेरा फिरवून जड बिंदू व वजन दोन्ही एकाच आडव्या रेषेत आणावेत आणि चाक अलगद सोडावे. या स्थितीत गुरुत्वाकर्षणाचे परिबल सर्वाधिक असल्याने लहानसा फरकही दिसतो. वजनाची बाजू खाली गेली तर वजन जास्त आहे. वर गेली तर कमी आहे. पाच-पाच ग्रॅमनी फेरफार करीत चाक स्थिर राहीपर्यंत हे करावे. शेवटी खडूची खूण घड्याळातील १२, ३, ६ व ९ या चारही स्थानी ठेवून चाक सोडून पाहावे. चारही ठिकाणी ते न हलता राहिले तर संतुलन साधले, असे तूर्त म्हणता येईल.

वजने ठरावीक मापातच मिळत असल्याने कधी कधी नेमके मूल्य जुळत नाही. अशा वेळी दोन सारखी वजने हव्या त्या स्थानाच्या दोन्ही बाजूंस समान कोनावर लावावीत. दहा ग्रॅमची दोन वजने एकत्र लावली तर २० ग्रॅमचा परिणाम मिळतो. दोन्ही बाजूंस ६०-६० अंश सरकविली तर १० ग्रॅमचा. आणि सुमारे ४१ अंशांवर ठेवली तर १५ ग्रॅमचा. सदिशांच्या बेरजेचे याहून सुबोध प्रात्यक्षिक क्वचितच आढळेल.

६. साधनाची संवेदनक्षमता

'तूर्त' हा शब्द वर हेतुतः वापरला आहे. चाक चारही स्थानी स्थिर राहते याची दोन कारणे संभवतात : एक तर ते संतुलित आहे, किंवा बेअरिंगमधील घर्षण इतके आहे की उरलेले असंतुलन त्याला हलवू शकत नाही. घट्ट रबरी सील व जाड ग्रीस असलेले बेअरिंग बिघडलेल्या चाकालाही निर्दोष ठरवू शकते. म्हणून कृतीची ही पायरी कधीही वगळू नये.

तपासणी सोपी आहे. संतुलित भासणाऱ्या चाकावर, अक्षापासून २० सेंटिमीटरवर, आडव्या रेषेत, पाच ग्रॅमचे वजन चिकटवून चाक सोडावे. हे वजन सुमारे ०.०१ न्यूटन-मीटर परिबल निर्माण करते. चाक खाली वळले तर आपल्या साधनाला पाच ग्रॅमचा फरक कळतो, हे सिद्ध झाले. ते न वळल्यास वजन हळूहळू वाढवीत जावे. ज्या वजनाला चाक प्रथम हलते, तीच आपल्या मोजमापाची अनिश्चितता. छोटा काटा हाताशी नसेल तर सन २०११ नंतरचे, रुपयाचे चिन्ह असलेले दहा रुपयांचे नाणे या कामी उपयोगी पडते. त्याचे वजन सुमारे ७.७ ग्रॅम असते. पंधरा-वीस ग्रॅम लावूनही चाक हलत नसेल तर संतुलनाचा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. बेअरिंग व सील तपासून, शक्य तर एक्सल चाकाला जखडून त्याची टोके गुळगुळीत फिरणाऱ्या लहान बेअरिंगांच्या जोड्यांवर ठेवून पुन्हा प्रयत्न करावा.

पाच ग्रॅमची अचूकता पुरेशी आहे काय? फिरणाऱ्या भागांच्या संतुलनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे पूर्वीच्या आयएसओ १९४० व २०१६ पासूनच्या आयएसओ २१९४०-११ मध्ये, मोटारीच्या चाकांसाठी 'जी ४०' हा दर्जा सांगितला आहे. त्यानुसार वस्तुमानमध्याचे अक्षापासूनचे अंतर आणि कोनीय वेग यांचा गुणाकार सेकंदास ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. हाच निकष केवळ तुलनेसाठी आठ किलोग्रॅमच्या दुचाकी-चाकाला ताशी ८० किलोमीटर वेगास लावला, तर सुमारे ४३० ग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे २० सेंटिमीटर अंतरावर सुमारे २१ ग्रॅम एवढे असंतुलन ग्राह्य ठरते. त्या मानाने पाच ग्रॅम, अर्थात १०० ग्रॅम-सेंटिमीटर, ही मर्यादा चौपटीहून अधिक काटेकोर आहे. दोन ठोकळे आणि एक एक्सल एवढ्यावर साधणारी ही अचूकता दुर्लक्षणीय निश्चितच नाही.

७. दोलनकालावरून असंतुलनाचे मापन

प्रयोगशाळेसाठी या विषयाचा आणखी एक विस्तार करता येतो. असंतुलित चाक हा एक संयुक्त लंबक आहे. जड बिंदू तळापासून सुमारे ३० अंश बाजूला नेऊन सोडला असता चाक मंद गतीने दोलने घेते. घर्षण स्थिर स्वरूपाचे असल्यास प्रत्येक दोलनात आयाम घटत जातो. दोलनकाल मात्र जवळजवळ तोच राहतो.

प्रथम चाकाचा दोलनकाल मोजावा. नंतर जड बिंदूपाशीच, ज्ञात अंतरावर, ज्ञात वजन लावून दोलनकाल पुन्हा मोजावा. असंतुलन वाढल्यामुळे दुसरा काल पहिल्यापेक्षा कमी येतो. लावलेल्या वजनामुळे जडत्वाच्या परिबलात पडणारा फरक अत्यल्प असल्याने तो सोडून दिल्यास पुढील संबंध मिळतो : मूळ असंतुलन म्हणजे जादा लावलेले असंतुलन गुणिले दुसऱ्या कालाचा वर्ग, भागिले दोन्ही कालांच्या वर्गांतील फरक. समजा पहिला काल १६ सेकंद आहे आणि २० सेंटिमीटरवर २८ ग्रॅम लावल्यावर तो ११.३ सेकंद झाला. वर्ग अनुक्रमे २५६ व सुमारे १२८. यावरून मूळ असंतुलन ५६० ग्रॅम-सेंटिमीटर येते. वजनांची चाचपणी न करता भरपाई किती लागेल हे अशा रीतीने आधीच सांगता येते. घर्षण जास्त असल्यास चाक पूर्ण दोलन घेत नाही व ही पद्धत निरुपयोगी ठरते, हे विद्यार्थ्यांना स्वतः अनुभवू द्यावे.

८. वजने कायम करणे व चाक परत बसविणे

अलॉय चाकावर चिकट वजने रिमच्या हबकडे तोंड असलेल्या पृष्ठावर लावावीत. तेथे केंद्रोत्सारी बल वजनाला रिमवरच दाबते. ताशी १०० किलोमीटर वेगास २८ ग्रॅमचे वजन जवळजवळ पाच किलोग्रॅम असल्याप्रमाणे बाहेर खेचले जाते, हे लक्षात घेता जागेची निवड किती महत्त्वाची आहे हे ध्यानात येईल. पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा केल्याशिवाय वजन चिकटवू नये. वजन वीस ग्रॅमहून अधिक असल्यास ते रिमच्या दोन्ही अंगांना निम्मे-निम्मे विभागावे, म्हणजे बलयुग्म निर्माण होत नाही. तारांच्या चाकावर निपलजवळ बसणारी वजने वापरावीत. काही ठिकाणी सोल्डरची तार स्पोकभोवती घट्ट गुंडाळून हेच काम साधतात. अशा तारेत शिसे असू शकते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. युरोपीय संघात मोटारींच्या चाकांवरील शिशाच्या वजनांना सन २००५ पासून मज्जाव आहे. पोलाद व जस्त हे त्याला पर्याय आहेत.

चाक परत बसविताना झालेली चूक मूळ असंतुलनापेक्षा कितीतरी घातक ठरू शकते. पुढच्या ड्रम ब्रेकच्या प्लेटवरील खाच फोर्कच्या पायावरील उंचवट्यात बसलीच पाहिजे. ती न बसल्यास ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहील व चाक अडकेल. एक्सलचा नट निर्मात्याने सांगितलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळावा. डिस्क ब्रेक असल्यास गाडी हलविण्यापूर्वी लिव्हर घट्ट लागेपर्यंत अनेक वेळा दाबावा. १२५ घनसेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक असल्याने अशा गाड्यांच्या चाकावर दातेरी कडी व तिच्याजवळ संवेदक असतो. त्याला धक्का लागू देऊ नये. मागच्या चाकाची चेन व सरळ रेषा पुन्हा जुळवावी. यांपैकी कोणत्याही बाबीविषयी खात्री नसेल तर चाक काढणे-बसविणे मेकॅनिककडे सोपवावे आणि संतुलन तेवढे स्वतः करावे.

९. काही गैरसमज

'चाक फिरविले आणि ते जिथल्या तिथे थांबले, म्हणजे झाले' हा समज किती फसवा आहे हे सहाव्या भागात स्पष्ट झाले आहे. 'नवा टायर संतुलितच असतो' हाही तसाच समज. टायर निर्दोष असला तरी रिम, ट्यूब व व्हॉल्व्ह यांसह होणाऱ्या संपूर्ण चाकाचे संतुलन वेगळेच असते.

टायरमध्ये बारीक मणी किंवा द्रव भरल्याने चाक आपोआप संतुलित होते, असा प्रचार आढळतो. फिरणाऱ्या वस्तूचा वेग तिच्या आधाराच्या स्वाभाविक वारंवारतेच्या वर गेला की मोकळी वस्तुमाने हलक्या बाजूकडे सरकू शकतात, हे यंत्रशास्त्रात मान्य आहे. त्या वेगाच्या खाली मात्र तीच वस्तुमाने जड बाजूकडे जमण्याची प्रवृत्ती दाखवितात. जमिनीवर टेकलेल्या, शॉक-अपला जोडलेल्या व सतत वेग बदलणाऱ्या चाकात ही अट नेहमी पूर्ण होईल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मोजून लावलेले स्थिर वजन अधिक भरवशाचे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) असंतुलनाचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे महामार्गावर नियमित प्रवास करणाऱ्या दुचाकीस्वाराने टायर बदलताना संतुलनाचा विचार करणे आवश्यक आहे.

(२) अरुंद टायरच्या मोटारसायकलीसाठी स्थितिक संतुलन सामान्यतः पुरेसे आहे. रुंद टायरसाठी गतिक संतुलनाचे यंत्र वापरावे.

(३) झिजलेले बेअरिंग, सैल कोनसेट, वाकडा रिम यांवर संतुलन हा उपाय नाही. ही तपासणी आधी झाली पाहिजे.

(४) घरगुती कृतीची विश्वसनीयता तिच्यातील घर्षणावर अवलंबून आहे. पाच ग्रॅमची चाचणी घेतल्याखेरीज 'चाक संतुलित आहे' हे विधान अपूर्ण राहते.

(५) परिबल, सदिशांची बेरीज, संयुक्त लंबक व मोजमापातील अनिश्चितता हे चार घटक एकाच स्वस्त प्रयोगात शिकविता येतात. पदवीच्या प्रात्यक्षिकांत किंवा प्रकल्पकार्यात त्याचा समावेश करण्याचा विचार भौतिकशास्त्र विभागांनी अवश्य करावा.

यंत्र पडद्यावर एक आकडा दाखविते आणि आपण तो स्वीकारतो. दोन ठोकळ्यांवर ठेवलेल्या चाकाच्या बाबतीत तसे होत नाही. तेथे आकडा कसा मिळाला आणि त्यावर कितपत विसंबावे, हे करणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही सवय लागणे हे चाकाच्या संतुलनाइतकेच मोलाचे आहे.